दहा तोळे उधार

महाळुंग्याच्या त्या सोसायटीतला सातव्या मजल्यावरचा सातशे चार नंबरचा फ्लॅट कमरुद्दीन मुलाणीचा आहे, असं खाली पार्किंगमधल्या पाटीवर लिहिलेलं होतं. कमरुद्दीनला ते मान्य नव्हतं. घरी पाहुणा आला आणि चहाचा पहिला घोट घेऊन "घर छान आहे हो" म्हणाला, की कमरुद्दीन लगेच उठून त्याला हद्दी दाखवायचा. हॉल आपला झाला. स्वयंपाकघर दोन वर्षांपूर्वी सुटलं. बाथरूम मागच्या बोनसमध्ये आलं. मोठी बेडरूम खिडकीपर्यंत आपली, खिडकीपासून पुढे बँकेची. बाल्कनी अजून सगळीच बँकेची, तेव्हा तिथे कुंडी ठेवताना जरा विचार करावा लागतो.

पाहुणे हसायचे. त्याची बायको मैमुनाही पहिली दोन वर्षं हसली होती. मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस विनोद करत नाहीये. त्यानंतर तिने बाल्कनीत मुद्दाम कोरफड लावली.

कर्ज वीस वर्षांचं होतं. कमरुद्दीनने ते दहा वर्षांत फेडून दाखवायचा पण केला होता. कोणाला दाखवायचं, हे त्याने कधी सांगितलं नाही, आणि बँकेने तर बघायची इच्छाही व्यक्त केली नव्हती. पौडला पत्रे-खिळ्यांचं दुकान चालवणाऱ्या त्याच्या वडिलांनी फ्लॅट घेताना एकदा म्हटलं होतं, की बाबा, व्याजाच्या भानगडीत पडू नकोस. कमरुद्दीन पडला, आणि मग त्या एका वाक्यावर त्याने नऊ वर्षं संसार चालवला. व्याज लवकर संपवण्यात सवाब, म्हणजे पुण्य आहे, असं तो म्हणायचा. त्यामुळे एसी न घेण्यात सवाब होता, मटण महिन्यातून एकदाच आणण्यात सवाब होता, आणि गीझर वेळेआधी बंद केल्यावर साबण लावलेल्या अंगाने जो ओरडेल, त्याला तर सगळ्यात जास्त सवाब मिळत असणार.

फ्रिजवर एक तक्ता होता. कंपनीच्या प्रिंटरवर काढलेला, रंगीत, कारण ती शाई कंपनीची होती. त्यात एक लाल खांब होता आणि तो दर महिन्याला थोडा खाली यायचा. एक तारखेला पगार झाला की कमरुद्दीन सगळ्यांना फ्रिजसमोर उभं करायचा, मोबाईलवरून जादाचे पैसे भरायचा आणि मग मार्करने खांब खोडायचा. धाकटा आयान सहा वर्षांचा होईपर्यंत समजत होता, की हा घरातल्या कुणा आजारी माणसाचा ताप आहे. तो रोज झोपताना त्या माणसासाठी दुआ मागायचा. त्याला कोणी दुरुस्त केलं नाही, कारण दुआ फुकट होती.

वाढदिवस एकत्र केलेले होते. मोठी मन्तशा ऑगस्टमधली, आयान डिसेंबरमधला, लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात. तिन्ही मिळून एकतीस मार्चला, अर्ध्या किलोच्या एका केकवर. आर्थिक वर्षाच्या शेवटी साजरं केलं की हिशेब स्वच्छ राहतो, असं कमरुद्दीनचं मत. सहलही एकदा झाली होती. तो सगळ्यांना लवाशाला घेऊन गेला. तळ्याकाठच्या निवांत रस्त्यावर त्याने स्कूटर लावली, समोरच्या, कर्जात बुडून रिकाम्या पडलेल्या इमारतींकडे हात केला आणि कर्ज या विषयावर पाऊण तास बोलला. मग घरून आणलेली चपाती-बटाटा खाऊन सगळे परत आले. मन्तशाला शाळेत 'माझी अविस्मरणीय सहल' असा निबंध होता. तिने तो खरा लिहिला. बाईंनी खाली शेरा मारला, 'कल्पनाशक्ती चांगली.'

आणि मग अनिमेष आला.

अनिमेष हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत होता, गाव कटकजवळ, स्वभावाने गरीब. तीन वर्षांपूर्वी कमरुद्दीनने त्याला मुलांची खोली भाड्याने दिली. चौदा हजार रुपये, लाईटबिल वेगळं. मन्तशा तेव्हा सहावीत होती. तिची पुस्तकं, आयानची खेळणी आणि दोघांच्या गाद्या हॉलमध्ये आल्या. मन्तशा नुसती उंबऱ्यात उभी राहिली. तेव्हा कमरुद्दीनने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की दहावी लागायच्या आत खोली तुझी. मैमुनाने ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं. या घरात तारखा लक्षात ठेवायची सवय सगळ्यांनाच लागली होती.

अनिमेषची सोय बघण्यात कमरुद्दीनने काही कमी केलं नाही. मुलांनी सवयीने आत घुसू नये, म्हणून त्याने त्या दारावर स्वतःच्या हाताने एक पाटी लिहून लावली: 'कृपया दार वाजवून थांबावे. उत्तर आल्याशिवाय आत येऊ नये.' खाली सही केली. अनिमेषला फार संकोच झाला. त्याने आत स्वतःच्या पैशाने एसी बसवला आणि उन्हाळ्यात मुलांना अभ्यासाला आत बोलवायला लागला. मुलं स्वतःच्या खोलीत दार वाजवून पाहुणी म्हणून जायची. डिसेंबरमध्ये आयानचा वाढदिवस त्यानेच केला, एक किलोचा केक आणून. कमरुद्दीन ओव्हरटाईमला होता. पिरंगुटच्या कारखान्यात तो क्वालिटीचा सुपरवायझर, केसाएवढी चूक असली तरी माल परत पाठवणारा. रविवारीसुद्धा जायचा. घरासाठी तो इतका घराबाहेर असे, की शाळेच्या पालक सभेला दोनदा अनिमेषच गेला. दुसऱ्या वेळी शाळेने त्याचं नाव रजिस्टरमध्ये 'पालक' म्हणून घालून टाकलं. मैमुनाने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने एकच गोष्ट विचारली, की त्याबद्दल तो भाड्यात सूट तर मागणार नाही ना.

मैमुनाने हेही लक्षात ठेवलं.

यंदा मार्च उजाडला. मन्तशाची नववीची परीक्षा संपत आली होती, जूनमध्ये दहावी. तक्त्यावरचा लाल खांब अकरा लाख चाळीस हजारांवर आला होता. एका रविवारी सकाळी, नाश्त्याच्या पोह्यांवर, कमरुद्दीनने जाहीर केलं की त्याला मार्ग सापडला आहे. आपली मोठी बेडरूमही द्यायची. ती मोठी, तिचे सतरा हजार येतील. आपण चौघं हॉलमध्ये. असं केलं की पुढच्या मार्चला कर्ज साफ, म्हणजे ठरल्या मुदतीच्या चार महिने आधी.

मन्तशाने चमचा खाली ठेवला.

"आणि माझी दहावी?"

"दहावी ती काय, एक वर्षाची," कमरुद्दीन म्हणाला. "कर्ज वीस वर्षांचं असतं."

आणि भाडेकरू मिळवायला तो त्याच दुपारी मैमुनाला घेऊन माण गावाला हैबतरावांकडे गेला. एकट्याने जाता आलं असतं, पण बायकोने हैबतरावांचा आदर्श डोळ्यांनी बघावा, अशी त्याची इच्छा होती.

हैबतराव म्हणजे माणचे जुने जमीनदार, कमरुद्दीनच्या वडिलांचे दोस्त. पूर्वी पौडच्या बाजाराला आले की दुकानात बसून चहा पिऊन जायचे. जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या जागेवर त्यांनी चार मजले चढवले आणि बत्तीस खोल्या काढल्या. बत्तीसच्या बत्तीस भाड्याने. त्यामुळे हैबतराव स्वतः गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली पत्र्याच्या आडोशाला झोपायचे. एवढ्या मोठ्या इमारतीत मालकच तेवढा बेघर होता. कमरुद्दीन त्यांच्याकडे फार आदराने बघायचा.

"खोली रिकामी ठिवायची म्हंजे पाप हाय बघ, कमरू," टाकीखाली खाटेवर बसून हैबतराव म्हणाले. वरून एक थेंब त्यांच्या पागोट्यावर पडला. त्यांनी लक्ष दिलं नाही. थेंबाचं काही भाडं नव्हतं.

दोघांचं जमल्यावर मैमुना खाली तुळजाबाईंकडे गेली. हैबतरावांची बायको सतरा नंबरच्या खोलीत राहायची. नीट मांडलेली भांडी, देव्हारा, पंखा, दाराला स्वतःचं कुलूप. मैमुनाने विचारलं, की काकू, तुम्ही नाही गच्चीवर? तुळजाबाईंनी कोऱ्या चहात दूध ओतलं आणि सांगितलं, की त्या दोन म्हशींच्या दुधाच्या पैशातून नवऱ्याला महिना साडेपाच हजार भाडं देतात. अनामतसुद्धा दिली आहे. पावती घेतात. एकदा भाडं थकलं तर हैबतरावांनी नोटीस काढली होती.

मैमुनाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या नवऱ्यापेक्षा मोठा माणूस पाहिला. पण तिला हसू आलं नाही. तिला पुढची वीस वर्षं दिसली.

तुळजाबाई तिच्या गळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सरळच विचारलं.

"का गं, ते दहा तोळं कुटं हायेत? गळ्यात तर काईच दिसंना."

"कुठले दहा तोळे, काकू?"

"अगं, तुज्या लग्नात पौडला म्या पडद्याम्हागं बसले व्हते की. काझीनं तीनदा इचारलं, दहा तोळं सोनं कबूल हाय का म्हणून. म्या घरी येऊन ह्येंच्याशी दोन दिवस बोलले न्हाई. म्हनलं, बघा, शिका काईतरी."

तेव्हा मैमुनाला आठवलं. म्हणजे विसरली नव्हती, पण ते एखाद्या जुन्या ताटासारखं माळ्यावर टाकलेलं होतं. तिने तुळजाबाईंना मेहेर समजावून सांगितला. निकाह लागताना नवऱ्याने बायकोला काही द्यायचं कबूल करायचं असतं. ते तिचं, फक्त तिचं. काहीजण तिथल्या तिथे देतात, काहीजण उधार ठेवतात. तिचा उधार होता.

त्यामागे अर्थातच कमरुद्दीनचं डोकं होतं. मोठ्यांनी एक्कावन्न हजार रोख ठरवले होते. चोवीस वर्षांच्या नवरदेवाने वडिलांच्या कानात सांगितलं, की रोख कशाला, त्यापेक्षा दहा तोळे सोनं म्हणू आणि उधार ठेवू. ऐकायला भरघोस, खिशातून रुपया नाही. सोनं तेव्हा अठरा-साडेअठरा हजार तोळा होतं. मंडपात सगळ्यांनी त्याच्या दिलदारीची तारीफ केली. नंतर कंपनीत तो मित्रांना सांगायचा, की आयुष्यातलं सगळ्यात भारी कर्ज म्हणजे हे: व्याज नाही, हप्ता नाही, मुदत नाही. वर बायका ते पुढे माफच करतात.

तुळजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

"म्हंजे त्यो तुजं देणं लागतुया. बँकेच्या आदीपास्नं."

"हो. सात वर्षं आधीपासून."

"मग ह्यो पयल्यांदा ती बँक कशापायी फेडतुया?"

परत येताना स्कूटरवर मागे बसून मैमुना रस्ताभर गप्प होती. कमरुद्दीनला वाटलं, तिला आदर्श पटला.

निकाहनामा शोधायला वेळ लागला नाही. कमरुद्दीनने तो प्लास्टिकच्या निळ्या फायलीत, कर्जाच्या कागदांच्या मागे, नीट टॅग लावून ठेवला होता. चांगला कर्जदार कागद फेकत नाही. मन्तशाने मोबाईलवर सोन्याचा भाव बघून दिला. मैमुनाने तो दोनदा वाचायला लावला. मग तिने मन्तशाच्या भूमितीच्या वहीतला एक कागद घेतला, पट्टीने एक खांब आखला आणि लाल स्केचपेनने वरपर्यंत भरला.

एक एप्रिलला पगार झाला. सगळे फ्रिजसमोर उभे राहिले, दाराच्या फटीतून अनिमेषसुद्धा, कारण तीन वर्षांत त्यालाही त्या खांबाची काळजी वाटायला लागली होती. तक्त्याशेजारी दुसरा कागद चिकटवलेला होता. त्यावरचा खांब पहिल्यापेक्षा उंच होता. वर लिहिलं होतं, 'मैमुना कमरुद्दीन मुलाणी. येणे, दहा तोळे. आजच्या भावाने साडेबारा लाखांच्या वर.' खाली निकाहनाम्याची झेरॉक्स.

कमरुद्दीनने ते क्वालिटीवाल्याच्या नजरेने वाचलं. चूक सापडली नाही.

"हे काय आहे?"

"तुमचं जुनं कर्ज. फेडा म्हणते."

त्याने हसायचा प्रयत्न केला. कोणी साथ दिली नाही. मग तो म्हणाला, की मेहेर असा कोणी मागतं का, बायका माफ करतात.

"बँकेला विचारलंत कधी, माफ करते का म्हणून?"

"बँक परकी आहे, मैमुना."

"तेच म्हणते. परक्यांचं वेळेआधी, आणि घरच्यांचं कधीच नाही."

कमरुद्दीनने शेवटचा उपाय म्हणून पौडला वडिलांना फोन लावला, आणि पुढची चूक म्हणजे स्पीकरवर ठेवला. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. खिळे मोजत असावा, मागे आवाज येत होता. मग त्याने सांगितलं, की पोरा, व्याजाच्या नावाने नऊ वर्षं रडलास, आणि ज्यात व्याज नाही ते फेडायचं राहिलंच की. आधी बायकोचं, मग जगाचं. एवढं बोलून त्याने फोन ठेवला, कारण दुकानात गिऱ्हाईक आलं होतं.

कमरुद्दीन जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने कॅल्क्युलेटर घेतला. इथे मैमुनाला जरा धाकधूक वाटली. भांडला असता तर तिची तयारी होती, चिडला असता तर त्याहून होती. पण तो हिशेब करायला लागला, आणि या माणसाचा हिशेब कुठे जाईल हे सांगता येत नसे. त्याने लग्नाच्या वेळचा भाव मांडला, आजचा मांडला, मधली वर्षं मोजली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा त्याने आयानकडून करून घेतलं.

मग त्याचा चेहरा उतरला. बायको रागावली म्हणून नव्हे, मुलीची खोली गेली म्हणूनही नव्हे. बँकेचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी चाललं होतं. मैमुनाचं, तिने काहीही न करता, नुसतं पोळ्या लाटत, जवळजवळ तेरा टक्क्यांनी वाढत होतं.

"मी नऊ वर्षं," तो हळूच म्हणाला, "स्वस्तातलं कर्ज फेडत बसलो."

संसार त्याला कोणी कधी समजावून सांगू शकलं नव्हतं. टक्केवारी मात्र लगेच समजली. मैमुनाच्या मनात आलं, की सोन्याचा भाव पडला असता तर या माणसाने आपल्याला हॉलमध्येच म्हातारं केलं असतं. पण सोनं चढलं होतं, आणि मिळेल ते हत्यार वापरायचं असतं, एवढं तिला कळत होतं.

तिने अटी वाचून दाखवल्या. महिन्याला पाव तोळा, चाळीस महिने. बँकेला जादाचं काही भरायचं नाही, ठरलेला हप्ता तेवढा जाईल. त्या हप्त्यानेही कर्ज तीन वर्षांच्या आत संपतं, हे तिने मन्तशाकडून काढून घेतलं होतं. म्हणजे एक वर्ष आणि तीन वर्षं यांच्यातल्या फरकासाठी घर हॉलमध्ये झोपायला निघालं होतं. मोठी बेडरूम भाड्याने जाणार नाही. आणि तारण.

"तारण कसलं?"

"कर्जाला तारण लागतं. तुम्हीच शिकवलंत. मुलांची खोली. एकतीस मेपर्यंत रिकामी करून माझ्या ताब्यात."

कमरुद्दीनने अटींचा कागद स्वतःकडे ओढून घेतला. त्याचे ओठ हलत होते. मग त्याने डोकं वर केलं.

"मुदतीआधी फेडलं, तर काही सूट आहे?"

"नाही," मैमुना म्हणाली. "पण फेडायला घरी यावं लागेल. पैसे मी रविवारी, जेवणाच्या टेबलावर, हातात घेते."

त्याने सही केली. अनिमेषने साक्षीदार म्हणून केली. स्वतःला घराबाहेर काढण्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून इतक्या आनंदाने सही करणारा भाडेकरू महाळुंग्यात दुसरा झाला नसेल. तो माणला हैबतरावांच्या नऊ नंबरच्या खोलीत गेला. एसी जाताना मन्तशासाठी ठेवून गेला. त्याची किंमत कमरुद्दीन त्याला देण्याऐवजी उलट त्याच्याच अनामतीतून कापून घेणार होता, पण मैमुनाने नुसतं बघितलं. शाळेच्या रजिस्टरमध्ये 'पालक' म्हणून लागलेलं त्याचं नाव तेवढं बदललं नाही. त्याला पाचशेचा स्टँप पेपर लागत होता.

जूनच्या पहिल्या रविवारी कमरुद्दीन घरी होता. मे महिन्याचा पाव तोळा त्याने सकाळीच टेबलावर दिला होता आणि पावती घेऊन निळ्या फायलीत लावली होती. दुपारी काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. रविवारी दुपारी घर कसं असतं, ते तो नऊ वर्षांत विसरला होता. थोडा वेळ तो हॉलमध्ये फिरला. आयानने त्याला विचारलं, की अब्बा, तुम्ही आज कोणाकडे आला आहात?

मग त्याला एसीचा आवाज ऐकू आला. दुपारचे दोन, बाहेर ढग, आणि एसी चालू. तो तरातरा खोलीपाशी गेला आणि त्याने मुठीला हात घातला. दार आतून बंद होतं. मन्तशाने कडी लावली होती. दारावरची पाटी तिने काढली नव्हती.

त्याने पाटी वाचली. खाली सही त्याचीच होती. त्याने दार वाजवलं.

"थांबा, अब्बा," आतून मन्तशा म्हणाली. "प्रमेय चाललंय."

स्वयंपाकघराच्या दारातून मैमुना हात पुसत बघत होती. कमरुद्दीनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. उत्तर आल्याशिवाय आत जायचं नव्हतं, आणि लिहून दिलेलं मोडायची त्याला सवय नव्हती. तो थांबला.